भिंतीतली बांगडी

तार दारव्ह्याला आमच्या घरी आली, तेव्हा ती न उघडताच मी म्हटलं, भिंत पडली. भिंत पडली नव्हती. राजूरचे माझे भाऊजी, कुसुमताईचे यजमान, साध्या तापानं गेले होते. महिना उलटला, तरी ते तापानंच गेले यावर माझा पुरता विश्वास बसत नाही. संशय घ्यायची ही सवय मला त्यांनीच लावली.

भाऊजी कोळशाच्या खाणीवर कारकून. वाण्याचा तराजू उलटा करून बघत, आणि मी चार दिवस राहायला गेले तर तोंडावर विचारत, "काहून आली?" होती नव्हती ती पुंजी घालून त्यांनी राजूरला जुनं घर घेतलं, तेव्हा ताई हरखून गेली. मधल्या खोलीच्या एका भिंतीचा गिलावा तेवढा जाड दाण्यांचा, मुद्दाम थापल्यासारखा होता. बाकीच्या तिन्ही गुळगुळीत. भाऊजींनी भर दुपारी दारं लावून घेतली, कंदील भिंतीला लावून उंचवट्यांच्या सावल्या पाहिल्या, मग बोटानं ठोकत गेले. एका जागी पोकळ वाजलं, तसे माझ्याकडे वळले.

"खरबरीत भित कोन ठेवते सुमन? ज्याले काही झाकाचं असते तो."

भिंत ओली करून त्यांनी पत्र्यानं खरवडली. आत वरपासून खालपर्यंत तडा. घर विकणारा म्हणाला, जुना आहे, आता हलत नाही. भाऊजी ते मानतील? भट्टीवरचा चुना आणून त्यांनी भिंत नव्यानं लिंपली, गोट्यानं घोटून घोटून गुळगुळीत केली, तड्यावरची बोटभर जागा तेवढी उघडी ठेवली. आणि ताईकडे बांगडी मागितली. तिचा तुकडा तड्यावर आडवा बसवायचा. भिंत जराही सरकली की काच आधी तुटणार.

ताई चवताळली. "सवाशिणीची बांगडी फुटाची वाट पाहाता? काही वाटते का तुमाले?"

शेवटी तिची एक आधीच वाढलेली बांगडी होती, हिरवी, सोनेरी रेघेची, तिचा एक तुकडा भिंतीत गेला. दुसरा ताईनं कुंकवाच्या करंड्यात ठेवला. भिंतीतला फुटला तर तुमच्यावर काही येणार असं मी समजेन, हेही तिनं बजावलं. तेव्हापासून रोज सकाळी भाऊजी तो बघत आणि चहा मागताना सांगत, "साबूत हाय."

मग एकदा त्यांनी ताईचं आणि पोरांचं अंथरूण मधल्या खोलीतून मागच्या खोलीत हलवलं. "तू घोरतं. मले झोप येत नाही." ताई माझ्याजवळ येऊन रडली. मला वाटलं, या माणसाच्या मनात दुसरंच काही आहे... रात्री कुठं जातात यावर लक्ष ठेव, असं मी तिला सांगितलं. तिनं ठेवलं. ते कुठंच जात नव्हते.

तेरावं झालं त्या दिवशी ताईचे हात रिकामे होते. म्हणाली, "जाय वं सुमन, भितीतली पाह्य. माह्या तर गेल्या."

साबूत होती. हिरवीच होती. पण रेघ नव्हती. ताईनं करंड्यातला तुकडा आणून शेजारी धरला, तो वेगळाच. मी नखानं कडेचा चुना उकरला, तर खालून सोनेरी रेघेची काच निघाली, दोन ठिकाणी तुटलेली. भाऊजींनी गुपचूप तिच्यावर दुसरी बसवली होती आणि रोज ताईला साबूत सांगत होते. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी हुंदकाही आवरेना.

त्यांची खाट अजून त्याच भिंतीला लागून होती. ताई खाटेजवळ गेली.

"मी घोरतच नाही वं," ती म्हणाली.

मग तिनं पदर खोचला, आणि ती रिकामी खाट दोन्ही हातांनी ओढत भिंतीपासून पार दूर, दाराजवळ नेऊन ठेवली.