स्तानची खुर्ची

द्रागेनी गावात गरीब म्हणून एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे झाम्फिरा.

पूर्वी अशी टंचाई नव्हती. लंगडा मित्रु होता, आंधळी सावेता होती, ओढ्यापलीकडे आणखी दोन-तीन घरं होती. मित्रु वारला. सावेताला तिच्या मुलीने शहरात नेलं. बाकीच्यांची पोरं इटलीत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला आणि संत्री तोडायला गेली, आणि इकडे त्यांच्या घरांवर दुसरा मजला चढला. गरिबी हटल्याचा आनंद गावाला फार दिवस पुरला नाही. मेलेली माणसं होती तेवढीच होती, आणि त्यांना सामान पोचवायचं कुणामार्फत, हा पेच उभा राहिला.

द्रागेनीतल्या माणसाला हे पाळण्यातच कळतं की इथे मेणबत्ती लावून जे दुसऱ्याच्या हाती द्यावं, ते तिथे आपल्या मेलेल्या माणसाला मिळतं. कोट दिला तर कोट, बादली दिली तर बादली. याला पोमाना म्हणतात. घेणाऱ्याने 'देव त्याला क्षमा करो' म्हटलं की माल पोचला. मातीचा मग, चेरीची ओंजळ, वेणी घातलेला पाव हे शेजारीपाजारी एकमेकांना देतात आणि घेतात, त्यात कुणाची पत जात नाही. पण पलंग, कोट, जोडे, खुर्ची असल्या वस्तू घेणारा देणाऱ्याहून खालचा असावा लागतो. आणि तो खालचा आहे हे चर्चच्या अंगणात, पाद्रीबाबांच्या धुपात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठरतं.

झाम्फिराला त्याचं काही वाटत नसे. तिच्या दृष्टीने ते तिचं कामच होतं. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण झाम्फिरा दात मोजत असे, जबडाही उघडून बघत असे. जोडे चावत असतील तर तिथल्या तिथे सांगे, "तुमच्या वडलांना घट्ट होतील हे." देणारा निमूट दुसरा जोड आणी. एकदा कुणीतरी बाही फाटलेला कोट दिला, तेव्हा ती म्हणाली, "माझं काय, मी शिवून घेईन. तिथे त्यांना कोण शिवून देणार?" तिच्या दोन खोल्यांत बादल्यांवर बादल्या होत्या, टॉवेलांची थप्पी छताला टेकली होती आणि एकाही माणसाच्या मापाचे नसलेले सात कोट खुंट्यांवर लटकत होते. गावातली सगळ्यात गरीब बाई गावातल्या सगळ्यात भरलेल्या घरात राहत होती.

तिचा नवरा स्तान जाऊन चार वर्षं झाली होती. सामुदायिक शेती होती तेव्हा तो तिथल्या गोठ्यात राबत असे. मुकादम होता इलारियोन. इलारियोन खुर्चीत बसे आणि स्तान त्याच्यासमोर टोपी हातात धरून उभा राही. अशी त्यांची वीस वर्षं गेली. मध्ये एकदा आलुबुखाराच्या दारूचं एक पिंप नाहीसं झालं. इलारियोनने सगळ्या गावासमोर स्तानला चोर म्हटलं. स्तानने देवाची शपथ घेऊन नाही म्हटलं. ते पिंप अजून झाम्फिराच्या पडवीत होतं, आणि त्यातला निम्मा माल तिने स्वतः संपवला होता.

स्तान गेला तेव्हा त्याच्या पोमानेला झाम्फिराने जेवढं जमलं तेवढं केलं. घरात चिकार सामान होतं. त्यातली एक चांगली, पाठीची खुर्ची उचलून तिने मित्रुला दिली. मित्रु तेव्हा जिवंत होता आणि तिच्याहून खालचा होता, म्हणजे सगळं रीतीला धरून झालं. एवढंच, की ती खुर्ची आधी इलारियोनच्या पोमानेत त्याच्या सुनेने, दोमनिकाने, झाम्फिराला दिलेली होती. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं, तसा हा प्रकार झाला. तेव्हा तिच्या डोक्यात ते आलं नाही.

मग या वर्षी, उपासांच्या दिवसांत, स्तान तिच्या स्वप्नात आला. रविवारी प्रार्थना संपल्यावर तिने पाद्री वालेरिऊंना गाठलं.

"बाबा, खुर्ची पोचली."

"कुठली खुर्ची, मावशी?"

"स्तानला पाठवलेली. पोचली, पण तिच्यावर इलारियोन बसलाय. आयत्या बिळावर नागोबा. आणि आमचा हा त्याच्यासमोर उभा. टोपी हातात."

वालेरिऊ तरुण होते, शहरात शिकून आले होते. त्यांनी समजुतीचा सूर लावला. "मावशी, आत्म्याला खुर्ची लागत नाही. तिथे कुणी उभं नसतं, कुणी बसलेलं नसतं. हे सगळं आपल्या प्रेमाचं प्रतीक आहे."

"प्रतीक?"

"प्रतीक."

"मग प्रत्येक पोमानेला तुम्ही दोन पाव आणि कोंबडी घरी नेता, ते काय नेता?"

वालेरिऊंनी घड्याळ पाहिलं. त्यांना दुसऱ्या गावी जायचं होतं.

झाम्फिरा घरी आली आणि एकेका वस्तूसमोर उभी राहून बघू लागली. स्वतःची म्हणावी अशी एकही खुर्ची नव्हती. एक होती ती पोस्टमनच्या आईची, दुसरी शिक्षकाच्या भावाची, तिसरी गावातल्या जुळ्यांपैकी जो आधी गेला त्याची. कुठलीही पाठवली तरी तिचा मालक तिथे हजर असणार, आणि स्तान उभाच राहणार. ज्यांवर कुठल्याही मेलेल्याचा हक्क नाही अशा तिच्याकडे दोनच गोष्टी होत्या. एक ते पिंप, दुसरं अंगणातलं अक्रोडाचं झाड. चोरीचं दान वर पोचतं की नाही, हे पाद्रीबाबांना विचारणं धोक्याचं होतं. राहिला अक्रोड. तो स्तानने लावला होता. अक्रोडाचं झाड लावणाऱ्याच्या मानेएवढं जाड झालं की लावणारा मरतो, असं म्हणतात. स्तानने ते लावलं, आणि त्या दिवसापासून स्वतःच्या मानेवर चरबी चढवत राहिला.

गावात सुतार एकच, पांतेलिमोन. चर्चची घंटाही तोच वाजवी. तो आला, झाडाला थाप मारली.

"झाड पाडायला लावतेस? एका खुर्चीसाठी?"

"खुर्ची तू करून दे. उरलेलं लाकूड तुझं."

पांतेलिमोनचा जीव सुपाएवढा झाला, पण तो धंद्याला प्रामाणिक होता. "ओलं लाकूड आहे गं बाई. दोन वर्षं वाळू दे. आत्ता केली तर वाकडी होईल."

"तोही कुठे सरळ होता? कर."

वसंत संपता संपता खुर्ची तयार झाली. चार पायांपैकी तीन जमिनीला टेकत. चौथ्याचं मन कधी होई, कधी नाही. झाम्फिराने मेणबत्ती काढली आणि म्हणाली, "घे, पांते. स्तानच्या नावाने. तूच घे."

पांतेलिमोनने दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी? तुझ्याकडून?"

"माझ्या हाताला काय झालंय?"

"हाताला काही नाही. पण तुझ्याकडून खुर्ची घेतली म्हणजे मी तुझ्या खाली आलो. उद्या मी घंटा वाजवली तर लोक म्हणतील, भिकारी वाजवतोय. माझा मुलगा इटलीत, बोलोन्यात फरश्या बसवतो, झाम्फिरा. त्याला चारचौघांत तोंड दाखवायचं असतं."

मग ती घरोघर फिरली. पोस्टमनने तिला वाइन पाजली आणि खुर्ची नाकारली. शिक्षकाने वाकून प्रणाम केला आणि खुर्ची नाकारली. तिने वालेरिऊंनाही विचारलं. ते म्हणाले, चर्चमध्ये खुर्च्या पुष्कळ आहेत. झाम्फिराने म्हटलं, "प्रतीक म्हणून घ्या." पण त्यांना पुन्हा दुसऱ्या गावी जायचं होतं.

गावाला दान द्यायला ती चालत होती, घ्यायला चालत नव्हती, एवढा या फेरफटक्याचा अर्थ तिला लागला. घरी येऊन तिने खुर्ची पडवीत पिंपाशेजारी ठेवली. तिच्यावर ती स्वतः बसली नाही. नाहीतर स्तानला तिथे आणखी एक माणूस आधीच बसलेला सापडायचा.

पेंटेकोस्टच्या आदल्या दिवशी, पितरांच्या शनिवारी, सगळं गाव चर्चच्या अंगणात जमतं. थडग्यांवर अक्रोडाची पानं, मातीचे मग, चेरी, उकडलेल्या गव्हाचा साखर घातलेला कोलिवा. त्या वर्षी मधोमध एक पलंग उभा होता, गादी आणि दोन उशांसकट. दोमनिकाची सासू, म्हणजे इलारियोनची बायको, गेल्या वर्षी वारली होती, आणि हा तिचा पलंग होता. जिवंत असताना सासू पलंगावरून फारशी हलली नव्हती. तिथे पोचल्यापासून मात्र ती दोमनिकाच्या स्वप्नात येऊन जमीन फार गार असल्याचं सांगे.

पाद्रीबाबांनी धूप फिरवला, नावं वाचली. दोमनिकाने पलंगाच्या उशाशी मेणबत्ती लावली आणि हाक मारली, "झाम्फिरा, ये गं."

झाम्फिरा आपल्या वाकड्या खुर्चीसह कुंपणाशी उभी होती. जागची हलली नाही.

"आज मी घेत नाही."

कुणाच्या तरी तोंडातली चेरीची बी दगडावर पडल्याचं ऐकू आलं.

"घेत नाही म्हणजे?" दोमनिका म्हणाली. "बरं नाही का?"

"बरी आहे. माझी खुर्ची कुणी घेतली, की मी सगळ्यांचं घेईन."

"अगं, पण तुझ्याकडून घ्यायला तुझ्याहून गरीब नको का कुणी?"

"शोध."

शोध झाला. वालेरिऊंनी थडग्यांमागे जाऊन शेजारच्या गावच्या पाद्रीबाबांना फोन लावला. आमच्याकडे दोन आहेत, असं उत्तर आलं, पण पितरांच्या शनिवारसाठी ते नाताळपासून सांगून ठेवलेले असतात. त्यांनी आणखी एका गावाला विचारलं. तिथल्यांचा एकुलता एक गरीब जर्मनीला गेला होता. वालेरिऊ परत आले आणि त्यांनी मान हलवली. मागे हातांत कोट, जोडे आणि बादल्या घेऊन निम्मं गाव खोळंबलं होतं. मेणबत्त्या वितळत होत्या.

"सोड की हट्ट," पांतेलिमोन म्हणाला. "स्तान गोठ्यात बारा तास उभा राहायचा. सवय आहे त्याला."

झाम्फिराने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती दोमनिकाशी बोलली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला. "वीस वर्षं तुझ्या सासऱ्यासमोर उभा होता तो. तिथेही उभाच आहे. माझ्या चुकीने. तुझी सासू थंडीत पडलीय म्हणून तुला झोप लागत नाही. मला कशी लागेल?"

दोमनिकाने पलंगाकडे पाहिलं. मग गावाकडे पाहिलं. तिच्या तिन्ही मुलांची घरं तिच्या मागेच उभी होती, प्रत्येकाला दुसरा मजला आणि गॅलरीला पितळी कठडा. सासू रोज रात्री येई, आणि गाव काय, चार दिवस बोलणार होतं. तिने रुमाल डोक्यावर नीट बांधला आणि अंगण ओलांडून कुंपणाशी आली.

"आण ती मेणबत्ती."

झाम्फिराने मेणबत्ती पेटवून खुर्चीच्या पाठीला चिकटवली. दोघींनी खुर्ची दोन बाजूंनी धरली.

"हे इथे स्तानच्या नावाने, आणि तिथे स्तानच्या पुढ्यात," झाम्फिरा म्हणाली.

"देव स्तानला क्षमा करो," दोमनिका म्हणाली. "त्या पिंपासकट."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. झाम्फिराने क्षणभर विचार केला. चार वर्षांनी कुणी त्याच्यासाठी क्षमा मागत होतं, आणि मागणारी त्याच घरातली होती. एवढ्या सौद्यात पिंप महाग नव्हतं.

"पिंपासकट," ती म्हणाली. "आता बस."

"बसू कशाला?"

"रिकामी पाठवली तर तो म्हातारा पुन्हा बसेल. बस, म्हणजे कळेल त्याला की ही भरलीय."

दोमनिका अंगाने भारी होती. ती बसली. ओल्या अक्रोडाने लांबलचक कुरकुर केली, चौथा पाय जमिनीला टेकला आणि मग टेकलेलाच राहिला. पांतेलिमोनने छातीवर क्रूसाची खूण केली. देवासाठी की सुतारकामासाठी, ते त्याचं त्याला माहीत.

झाम्फिराने शब्द पाळला. पलंगाकडे गेली, गादी चार ठिकाणी दाबून पाहिली.

"पातळ आहे. तुझ्या सासूची पाठ दुखायची ना?"

"उद्या जाड आणते," दोमनिका खुर्चीवरूनच म्हणाली.

"तर मग देव तिला क्षमा करो." आणि तिने कोट घेतले, जोडे घेतले, बादल्या घेतल्या.

पोमानेची वस्तू घेणाऱ्याने स्वतः घरी न्यायची असते. त्यात कुणी मदत करत नाही. गावच्या एकुलत्या एका रस्त्याने दोमनिका डोक्यावर वाकडी खुर्ची घेऊन चालली, आणि दोन्ही बाजूंच्या कुंपणांमागून लोकांनी ते पाहिलं. झाम्फिरा थोडं अंतर ठेवून मागून गेली. वाटेत कुणाच्या दारात खुर्ची टाकून दिली जाते का, तेवढंच तिला बघायचं होतं. दोमनिकाने ती नेऊन ओसरीत मांडली. झाम्फिरा मग मागे वळली आणि आपला पलंग न्यायला चर्चकडे गेली.

स्तान पुन्हा तिच्या स्वप्नात आला नाही. वालेरिऊ म्हणाले, त्याच्या आत्म्याला शांती मिळाली. झाम्फिराचं मत वेगळं होतं. तो एकदा बसला की उठत नसे, ही त्याची सवय तिला लग्नाच्या दिवसापासून माहीत होती.