कानातून हातात

तार ऑफिसात मी अकरा वर्षं काढली. किती तारा घेतल्या, मोजदाद नाही, आणि त्यातली एकही आज सांगता येत नाही. त्या खोलीतल्या माणसांचे किस्से मात्र न बोलावता साठत गेले. एक सांगायला घेतला की बाकीचे चुळबुळ करायला लागतात.

बेळगावच्या बाजूचं आमचं ऑफिस लहान. अनगोळचे आप्पा तारमास्तर, हाताखाली मी, आणि घरोघर तारा पोचवायला बसू शिपाई. लढाईचे दिवस. यंत्राची कडकट्ट थांबायची नाही.

मी नवा होतो तेव्हा आलेला शब्द न् शब्द लक्षात ठेवायला बघायचो. चौथ्या-पाचव्या शब्दाला सगळंच सांडायचं. आप्पा शांतपणे म्हणाले, "साठवाय बसलास व्हय रं? मग पुढचा शब्द बसणार कुठं? कानातनं घे, हातात सोड, इसरून जा."

*

विसरायला शिकलो, पण मधे कुणी बोललं की पंचाईत. एकदा लग्नाची तार घेत होतो. 'मॅरेज'पर्यंत लिहिलं आणि बसूनं विचारलं, "साहेब, टी सांगू काय?"

आप्पांनी कागद बघितला. "मॅरेज टी कम सून." ट्यूसडे गायब. पलीकडच्या ऑफिसला पुन्हा विचारावं लागलं.

आप्पा बसूला एवढंच म्हणाले, "वऱ्हाड चहालाच आलं असतं की."

*

शहापुरातले एक साड्यांचे व्यापारी दुपारी धावत आले. सकाळची तार हरवली होती, आणि माल पुण्याला धाडायचा की सोलापूरला, ते त्यांना आठवेना.

"तुम्हीच घेतली न्हवं? सांगा की."

मी डोकं खाजवलं. काहीही नाही. कोरी पाटी. त्यांना वाटलं, मी मुद्दाम लपवतोय. शेवटी फायलीतली नक्कल काढून दिली. ती बघून ते जास्तच भडकले.

"अक्षर तुमचं, आणि तुम्हाला ठावं न्हाय?"

*

एक मात्र डोक्यातून जात नव्हतं, ती यंत्राच्या कडकट्टीतली अक्षरं. वडगावातून घरी जायचो तर दोन्ही बाजूंच्या हातमागांची खटखट अक्षरं होऊन कानात शिरायची. एन, ए, पुन्हा एन. अर्थ नाही, पण वाचल्याशिवाय राहवायचं नाही. जेवतानाही बोट ताटावर चालायचं. बायको म्हणाली, "कुणाला तार करताय? मी हितंच हाय की."

*

सांबऱ्याचे अण्णा आप्पांचे गुरू, पेन्शनीत निघालेले. त्यांची आठवण गेली होती. सकाळी काय खाल्लं ते ठाऊक नाही, बायकोचं नाव ठाऊक नाही. एकदा त्यांची बायको, आमच्या आक्का, त्यांना दवाखान्यातून परत नेताना आमच्याकडे टेकल्या.

यंत्र वाजायला लागलं. अण्णा सरसावून बसले आणि अख्खी तार खणखणीत बोलून गेले. एक शब्द चुकला नाही. मी विचारलं, "अण्णा, काय होतं तारेत?"

"कसली तार?"

आक्कांनी यंत्राकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "ही टिकटिक ह्यांनी कवा शिकली?"

"चाळीस वर्षं झाली असतील, आक्का."

"आमचं लगीन त्येच्या आदुगर झालंतं."

*

आणि आप्पांची लेक चंद्रा. निपाणीला दिली होती, पहिलं बाळंतपण. पोरगी पुढं बरी झाली, म्हणून सांगतोय.

दुपारची वेळ, तारांची रीघ. आप्पांनी एक घेतली, पाकिटात घातली, वर नाव-पत्ता लिहिला आणि बसूपुढे सरकवली. "अर्जंट हाय, पळ." लगेच पुढची घ्यायला लागले.

बसू सायकलपर्यंत गेला. तिथं त्यानं पत्ता वाचला आणि थांबला. मग ऑफिसला वळसा घालून, लोक येतात त्या पुढच्या दारातून आत आला. टोपी नीट केली.

"आप्पा, तार हाय."

"कुणाची?"

"तुमची."

आप्पांनी सवयीनं पावतीवर सही केली, वेळ घातली, पाकीट फोडलं. 'चंद्रा सीरियस, स्टार्ट अ‍ॅट वन्स.' दोनदा वाचलं. उठून कोटाकडे हात नेला आणि तसाच माझ्याकडे वळून विचारलं,

"ही कवा आली रं?"