बारा महिने सोवळ्यात

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारी अपूर्वा सोवळ्याचा स्वयंपाक करते. श्राद्ध असो, गौरी असोत, पुरण शिजवायला हिलाच बोलावतात. नवरा सलिल घरीच असतो. का, ते विचारायचं नाही.

छत्तिसाव्या वर्षी तिची पाळी थांबली. दुसरी एखादी घाबरली असती, हिनं पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. ऐन गौरींत अडचण आली की कामं जायची, तो प्रश्नच मिटला. घरोघरच्या सासवा म्हणू लागल्या, "तिलाच सांगा, तिचं कधी अडत नाही."

मी म्हटलं, "अगं, देवाची कृपा अशी मधूनच होत नसते. डॉक्टरकडे जा."

"काकू, चाललंय ते बिघडवू नका."

दोन वर्षांत ती दाराच्या चौकटींवर खांदे आपटू लागली. बाजूचं दिसेना. मग मीच तिला ओढत नेलं. आधी दिवस गेलेत का ते पाहिलं, मग रक्तातले हार्मोन्स, शेवटी डोक्याचा एमआरआय. मेंदूच्या तळाशी गाठ निघाली. कर्करोग नव्हे, पण पाळी त्या गाठीनंच थांबवली होती आणि आता ती डोळ्यांच्या नसा दाबत होती.

"पाळी चुकली तेव्हाच यायचं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आठवड्यातून दोनदा गोळी दिली आणि सोडायची नाही म्हणून बजावलं.

गोळी लागू पडली. कडेचं दिसू लागलं. श्रावणात पाळीही आली, नेमकी एका सत्यनारायणाच्या सकाळी. हिनं त्या घरी खरं सांगितलं. ते सासवांमध्ये पसरलं आणि गौरींची कामं दुसरीकडे गेली.

काल चहा प्यायला आली आणि कप टेबलाच्या बाहेर ठेवला. फुटला. माझ्या लक्षात आलं.

"गोळ्या सोडल्यास?"

"गौरींची कामं गेली तेव्हापासून."

माझा संताप संताप झाला. "खोटं सांग की त्यांना. कोण तपासायला येतंय?"

"देवाच्या पानाशी खोटं नाही बोलवत हो."

खरं तर त्या सगळ्या सासवांना चार शब्द सुनावावेत असं वाटलं. सुनावून कोण ऐकणार होतं?

"आणि दिसेनासं झाल्यावर कोण बोलावणार आहे तुला?" मी विचारलं.

काचा गोळा करायला ती खाली वाकली होती. हात भलतीकडेच चाचपडत होता.

"तोवर तरी बोलावतील," ती म्हणाली.