चार चाकांची सवत

दसऱ्याच्या सकाळी मी सवतीवरून नवऱ्याशी कडाकडा भांडले. भिवंडी, सत्तरच्या दशकाची सुरुवात, लग्नाला वर्षही झालं नव्हतं... आणि सवत कोण, तर जीप. खरी नाही हो. कागदावरची.

आमचे हे पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. शिफ्ट संपली की बाकीचे चहाला जायचे, हे रद्दीवाल्याकडे. जुन्या मासिकांतल्या जीपच्या जाहिराती, शोरूमची माहितीपत्रकं, टायरवाल्यांची कॅलेंडरं, हायवेवरच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून मागून आणलेले स्टिकर... सगळं जमवायचे. स्वतःला सायकलसुद्धा धड येत नव्हती.

बरं, जमवा. पण आमच्या चाळीतल्या खोलीत खिळा एकच होता. दुसरा ठोकायला गेलं की भिंतीचा पोपडा पडायचा आणि घरमालक ओरडत यायचा. त्या एकुलत्या एक खिळ्यावर डोंगर चढणाऱ्या जीपचं कॅलेंडर... आणि आमचा लग्नाचा फोटो ट्रंकेत, साड्यांच्या खाली.

रोज केर काढताना तिच्याकडे बघितलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या बांगड्यांचा रंग विचारला असता तर ह्यांना सांगता आला नसता. पण तिचं बोनेट, तिचे दिवे, तिची स्टेपनी... सगळं तोंडपाठ! येता-जाता ऐकून आणि ती चित्रं पुसून पुसून मलाही पाठ झालं होतं.

तर त्या दसऱ्याला कारखान्यातली पूजा आटोपून हे झेंडूची फुलं घेऊन घरी आले. सरळ माझा करंडा उघडला, कुंकवात बोट बुडवलं आणि एका माहितीपत्रकावरच्या जीपच्या बोनेटला टिळा लावला. वर फूलही वाहिलं.

"माझ्या करंड्यातलं कुंकू तिला?" मी ओरडलेच.

"आज वाहनाची पूजा करतात," हे म्हणाले.

"वाहन हाय कुटं पन?"

"येल कवातरी."

तो शांतपणाच मला झोंबला. वाढलेलं ताट तसंच ठेवलं आणि एसटी पकडून थेट अंबाडीला, माहेरी गेले. सणाच्या दिवशी! शेजारणींना महिनाभर पुरेल एवढा विषय दिला मी.

 दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "गवतवाल्याची गाडी चाललीय भिवंडीला. बस तिच्यात, नि जा आपल्या घरी." आता गवताच्या व्यापाऱ्याची गाडी म्हणजे काय असावी... जीप! देवालाही बरी थट्टा सुचते.

ड्रायव्हरने मला पुढच्या सीटवर बसवलं. पण आत काय बघितलं म्हणाल, तर काही नाही... खड्डे असे की हाडं खिळखिळी होत होती, वर धूळ आणि गवताची कुसळं. अख्खा रस्ता तोंडावर पदर घेऊन, डोळे घट्ट मिटून बसले होते. ह्या खटाऱ्यासाठी माझा नवरा वेडा झालाय, ह्याचाच राग येत होता.

चाळीपुढे जीप थांबली तशी सगळी चाळ बाहेर आली. हे अर्धी दाढी केलेले, गालाला साबण... दारातच थिजले. मी उतरले, जीप धूर सोडत निघून गेली आणि मी ह्यांच्याकडे बघितलं. तो चेहरा माझ्या चांगला ओळखीचा होता, आरशात रोज बघत होते ना! जळत होते हे. माझ्यावर!

खोटं कशाला बोलू, काळजात गारेगार वाटलं...

संध्याकाळपर्यंत कसाबसा दम धरला त्यांनी. मग हळूच जवळ येऊन, "पुढं बसलेलीस?"

"पुढं."

"सांग ना गो, आतून कशी हाय?"

"सांगते. पयला खिळा रिकामा करा."

ह्यांनी कॅलेंडर उतरवलं.  ट्रंकेतला फोटो काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि टांगला.

मग मी सांगायला बसले. बघितलेलं तर काहीच नव्हतं... म्हणून माहितीपत्रकातलंच सांगत सुटले. स्टिअरिंग, काटे, गिअरचा दांडा. चित्रातल्या जीपला दारं होती, म्हणून बोलण्याच्या भरात दार लावताना केवढा धाडकन आवाज येतो, तेही सांगितलं. हे समोर मांडी घालून "मंग?" "मंग?" करत ऐकत होते. लग्न झाल्यापासून इतका वेळ माझ्या तोंडाकडे ते पहिल्यांदाच बघत होते. मी पण मग आटोपतं घेतलं नाही.

आता म्हातारपणी, परवाच, कल्याणहून एक गृहस्थ ह्यांचा संग्रह बघायला आले होते. तेही असल्या जाहिराती जमवतात. बोनेटवरचं ते कुंकू बघून हळहळले, "अरेरे, डाग पडलाय हो..." मला आतून बरंच वाटलं, खरं सांगते.

हे हसले आणि त्यांना सगळा किस्सा सांगितला. शेवटी म्हणाले, "त्या गवतवाल्याच्या जीपला दारंच न्हवती. मी बगितलेली ना चाळीपुढं. पन ही सांगत होती... म्हटलं, सांगू दे. मी बोललो असतो तर थांबली असती."

इतकी वर्षं हा माणूस गप्प बसला! मी चहाचा ट्रे हातात घेऊन तशीच उभी. पाहुण्यांसमोर धड भांडताही येईना, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

घर बदललं, भिंती पक्क्या झाल्या, हवे तेवढे खिळे झाले. यंदाच्या दसऱ्याला करंडा मी स्वतः उघडून ह्यांच्यापुढे धरणार आहे. लावा तिला कुंकू... पण पहिलं बोट माझ्या कपाळाला. आधी घरात ती आली असेल, थोरली मीच!