बारा पेरांचा सौदा

“आठच घंट्या झाल्या. चार कमी हायेत,” गयामावशी म्हणाल्या आणि त्यांनी बोरीची काटी, काट्यांची अख्खी फांदी, ओढून वाटेत आडवी टाकली.

मी सायकलवरून उतरलो. आठ रायडर पुढं कॅनॉलवर फोटो काढत होते. चार त्यांच्याही पुढं निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना याच वाटेनं परत यायचं होतं, आणि ती वाट माझ्यादेखत बंद झाली होती.

आधी धंदा सांगतो. मानवतला माझं सायकलचं दुकान आहे. सुरुवात केली लिंबाखाली पंक्चर काढण्यापासून. भांडवल म्हणजे पाण्याचं घमेलं, एक पंप आणि माझं तोंड. आता पुण्याची एक कंपनी शहरातल्या लोकांना आमच्याकडं ग्रॅव्हल रायडिंगला आणते. ग्रॅव्हल म्हणजे आपला मुरूम. ही सायकल दिसायला रेसची, पण टायर रुंद. त्यात हवा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे टायर खड्यावरून उडत नाही, दबून जातो. आत ट्यूब नसते, दुधासारखं एक द्रावण असतं. बाभळीचा काटा घुसला की ते भोक बुजवतं. या लोकांना एकच गोष्ट हवी असते, गाड्या नसलेला रस्ता.

तो रस्ता मी शोधला. पाथरीकडून कॅनॉलच्या कडेचा मुरमाचा रस्ता, मग गोदावरीच्या अंगानं काळ्या रानातून. एका हाताला ऊस, दुसऱ्या हाताला पाणी. तीन महिने स्वतः पॅडल मारून मी हा रूट जुळवला. कंपनीच्या ब्रोशरमध्ये काय छापलं? ‘आमच्या टीमने शोधलेला मार्ग.’ शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘लोकल सपोर्ट.’ तो मी. नाव नाहीच. ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

रूटमध्ये एकच खोट होती. एके ठिकाणी कॅनॉलवरचा छोटा पूल पडलेला. तिथून पुढं जायचं तर दोन मार्ग. एक, डांबरी रोडवर उसाच्या डबल ट्रॉल्यांच्या मधून. दुसरा, गयामावशींच्या द्राक्षबागेतून. आमच्याकडं द्राक्षबागा मोजक्याच. ही बाग उतारावर, नदीकडं तोंड करून. दोन्ही बाजूंना तारांवर चढवलेले वेल, घडांत साखर भरायला लागलेली, आणि मध्ये बैलगाडीपुरती वाट.

तीन खेपा घातल्या. मी सौद्यात कुणाला हार जात नाही. भाडं देतो म्हणालो.

“वाट काय इकायची असती व्हय रे?” मावशी म्हणाल्या.

“मग फुकट द्या.”

“फुकट कामून? जाणाऱ्यानं घंटी वाजवीत जायाचं. एकूण एकानं. एवढंच दे.”

मग त्यांनी मला बागेच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. बाजेवर त्यांचे मालक पडलेले, नामदेवराव. नोकरीत असताना ते पाटकरी होते. म्हणजे कॅनॉलची दारं उघडून पाळीपाळीनं शेतांना पाणी देणारा माणूस. बावीस वर्षं काळ्या सायकलवरून त्याच मुरमाच्या रस्त्यानं फिरले. त्यांची घंटी ऐकली की लोक फावडं उचलून पळायचे, पाणी आलं म्हणून. आता लकव्यानं उजवी बाजू गेली होती, बोलणं तुटलं होतं.

“दिसभर पत्र्याकडं बघत पडतेत,” मावशी हळू आवाजात म्हणाल्या. “या वाटंनं आता कुणी येत न्हाई का जात न्हाई. कुणीतरी गेलं, एवढं कळू दे त्यांला. किती जण हाव तुमी?”

“बारा. मी सोडून.”

नामदेवरावांनी डाव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटाच्या पहिल्या पेरावर टेकवला. आपली जुनी मोजणी. चार बोटं, बोटाला तीन पेरं. एका हातात बारा मावतात.

इतका स्वस्त सौदा मी जन्मात केला नव्हता. खुशीत घरी आलो आणि मग आठवलं. ग्रॅव्हल सायकलला घंटी नसते.

कंपनीचा माणूस निखिल. मला अंकल म्हणतो, तेही मला आवडत नाही.

“अंकल, कार्बनचं हँडल आहे. घंटीनं ओरखडे पडतील.”

“खाली जुन्या ट्यूबची पट्टी घालतो. ओरखडा पडला तर हँडल माझ्याकडून.”

“लोक हसतील हो.”

“हसू दे. ट्रॉलीसमोर आले तर रडतील.”

बारा घंट्या मी स्वतः बसवल्या. माझ्या सायकलला जुनी होतीच. पण सकाळी चहाच्या थांब्यावर निखिलनं आणि त्याच्या तीन दोस्तांनी त्या गुपचूप काढून खिशात टाकल्या. त्यांना मोबाइलवर टायमिंग लावून शर्यत करायची होती, घंटीचं लोढणं नको होतं. मला कळलं ते मावशींनी काटी आडवी टाकल्यावर.

“चौघं मुक्यानं गेले, चोरावानी,” मावशी म्हणाल्या. “मालकांचा अंगठा बघ.”

अंगठा तिसऱ्या बोटाच्या मधल्या पेरावर होता. आठ.

मी सांगतो त्याची मला लाज वाटते, पण सांगतो. मी चलाखी केली. सायकल घेऊन वेलांच्या मागं गेलो आणि घंटी वाजवत शेडसमोरून निघालो. वळसा घालून पुन्हा आलो, या वेळी जोरात. मग सावकाश. चौथ्या खेपेला तर दम लागल्याचं नाटकही केलं.

अंगठा जागचा हलला नाही.

“एकच,” नामदेवराव कष्टानं म्हणाले. “एकच... घंटी.”

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. “कॅनॉलचं दार वाऱ्यानं वाजलं का पाण्यानं, ते झोपेत सांगत हुते बाबा! तुझी घंटी तर तीन खेपा ऐकलीय त्यांनी. आन् तू त्यांला फसवायलास?”

मी निखिलला फोन लावला.

“चार किलोमीटर मागं? अंकल, टायमिंग जाईल.”

माझं डोकं फिरलं. घंटीवरून सुरू झालो ते ब्रोशरपर्यंत पोचलो. लोकल सपोर्ट, तीन महिन्यांचं पॅडल, सगळं काढलं. ओरडता ओरडता बाजेकडं नजर गेली. म्हातारा माझ्याकडं बघत नव्हता. कान वाटेकडं, आणि अंगठा त्याच पेरावर इतका दाबून धरलेला की नख पांढरं पडलं होतं. सोडला तर मोजणी विसरेल, अशी भीती असावी.

माझा आवाज आपोआप खाली आला.

“निखिल, ब्रोशर राहू दे. इथं एक माणूस मोजतोय. त्याचं मोजणं अर्ध्यावर थांबलंय.”

मग तो म्हणाला, “येतो.”

मावशींनी स्वतः काटी बाजूला केली. चौघं एकामागं एक आले. मुरूम करकरला, घंटी वाजली, अंगठा पुढं सरकला. नऊ. दहा. अकरा. निखिल शेवटी. त्यानं दोनदा वाजवली, पण अंगठा एकदाच सरकला. करंगळीचं टोक. बारा.

निखिल उतरून बाजेजवळ आला. नामदेवरावांनी हात लांबवून त्याचा टायर चाचपला, बोटानं दाबला आणि काळजीनं म्हणाले, “हवा... कमी.”

निखिलनं तोंड उघडलं. आता हा प्रेशरचं शास्त्र सांगणार, म्हणून मी डोळे वटारले. पण तो म्हणाला, “हो बाबा, भरतो.” पंप काढला आणि बाबा मान हलवेपर्यंत टायर दगडासारखा टणक केला. पुढचा सगळा रस्ता बिचारा सीटवर उडत गेला. हवा सोडली नाही त्यानं.

वाट आजही चालू आहे. यंदाच्या ब्रोशरमध्ये ‘घंटी वाजवण्याची या खोऱ्यातली जुनी परंपरा’ असं छापलंय. माझं नाव अजून नाही. भांडण चालू आहे.

धंद्यात एक शिकलो. किंमत पैशात मागितलेली नसली, तर ती पूर्ण द्यावी. तिथं घासाघीस चालत नाही.

मी नेहमी सगळ्यांच्या मागं असतो. माझी घंटी वाजते तेव्हा म्हाताऱ्याची बारा पेरं संपलेली असतात. माझ्यासाठी पेर उरत नाही. मग तो मोजणं सोडून अख्खा हात वर करतो.