मुंडी घरी येता कामा नये

आमच्या गल्लीतला खाटीकमामा तोंडाचा फाटका, पण हाताचा साफ. कुणी "अर्धा किलो द्या" म्हटलं की सुरी बाजूला ठेवून आधी विचारणार, "खाणार कोण?" म्हाताऱ्याला दात नाहीत असं कळलं की मऊ बघून द्यायचा. पाहुणे येणार म्हटलं की चौकशी, "जावई की व्याही?" जावयाला मांडी. व्याह्याला बरगडी, चघळत बसला म्हणजे बोलत नाही.

त्याचा नियम एकच. बोकडाचे सगळे वाटे ठरल्याशिवाय सुरी चालवायची नाही. पूर्वी ते जमायचं, कारण पायांना, वजडीला, मुंडीलाही माणसं होती. पुढं मोठ्या दुकानात पिशवीबंद मटण आलं आणि जो तो बिनहाडाचं मागायला लागला, जसा काही बोकड कण्याशिवायच हिंडत होता. आजूबाजूचे खाटीक एकेक करून उठले. एक विमा विकतो, दुसऱ्यानं चपलांचं दुकान टाकलं. उरला एकटा मामा. त्यानं नियम थोडा सैल सोडला आणि खपली नाही ती मुंडी दर रविवारी घरी यायला लागली.

शेवटी मामी भडकली. "लग्न तुमच्याशी लागलंय माझं, मुंड्यांशी नाही. झाकण काढावं तर कुणीतरी डोळे वटारून बसलेलं! आता आणखी एक मुंडी उंबऱ्याच्या आत आली, तर दुकान त्या जागा मागणाऱ्या मोबाइलवाल्याला देऊन टाकीन."

दुकानाची जागा मामीच्या बापाची. म्हणजे धमकीत दम होता.

त्या रविवारी बाकी सगळं खपलं, मुंडी तेवढी राहिली. मामानं शाळेच्या बाईंना गाठलं.

"बाई, मुंडी न्या. पोरांना अक्कल येईल."

"माझ्या पोरांना आहे अक्कल."

"मग घरच्या साहेबांना द्या."

बाई पिशवी उचलून चालत्या झाल्या. मग शिंपी आला.

"नको रे बाबा, ती माझ्याकडं बघतेय."

"घरात कोण बघतं का तुझ्याकडं? बघू दे की हिला तरी!"

शिंप्यानं खिम्याची पिशवी काखोटीला मारली आणि रागानं गेला.

दुपारी मोबाइलवाला टेप घेऊन हजर. भिंती मोजता मोजता मुंडीवर नजर. ती खपू नये म्हणून बिचारा देवाला हात जोडायचा तेवढा बाकी होता. तेवढ्यात मामी आली.

"खपली?"

मामा मटण तोडायचा ओंडका घासत बसला. त्याच्या तोंडाला पहिल्यांदाच कुलूप लागलेलं.

"वहिनी, इथं काचेचं कपाट येईल," मोबाइलवाला म्हणाला. "हा ओंडका तेवढा बाहेर फेकायचा."

मामीनं ओंडक्याकडं पाहिलं, मग मामाकडं.

"आणि मटण कुठनं आणायचं?"

"पिशवीतलं मिळतं की."

मामीचा चेहरा पडला. मामा तापानं झोपला होता तेव्हा तिनं ते एकदा आणलं होतं. बोकड कंटाळून मेला असावा, अशी त्याची चव. दुकान द्यायचा सगळा हिशोब तिनं केला होता, फक्त आपल्या ताटात काय पडणार एवढं विसरली होती. पण शब्द गिळायचा तर गल्लीत तोंड कसं दाखवायचं? मुंडी घरी येता कामा नये, हे तिनं चार बायकांसमोर म्हटलेलं.

"तुझी आई बरी आहे का रे?" तिनं मोबाइलवाल्याला विचारलं.

"गुडघे धरलेत तिचे."

"अरे देवा! मुंडीचं पाणी प्यायली की उठून पळेल. अहो, साफ करा, तुकडे करा, बघणारं काही ठेवू नका."

"पण वहिनी, मी जागेसाठी..."

"आईपेक्षा जागा मोठी झाली होय?"

मामानं सुरी उचलली, कुलूप निघालं. "म्हातारीला दात किती आहेत?"

थोड्या वेळानं मोबाइलवाला एका हातात टेप, दुसऱ्या हातात जड पिशवी घेऊन गल्लीतून निघाला. मामी पायरीवर उभी राहून मोठ्यानं सांगत होती, "पुढच्या रविवारीही ये रे! एकदा प्यायल्यानं गुण येत नाही!"