बोट लागलं

"बोट! बोट!"

बेळगावातल्या आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत दिवसातून दहादा ही आरोळी उठायची. अण्णा पाठ करून बसलेले असले, तरी मागं कुणी काचेची कुपी चुकीच्या बाजूनं धरली की त्यांना कसं कळायचं, देव जाणे. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मी बी.एस्सी. होऊन तिथं केमिस्ट म्हणून लागले. अण्णा मदतनीस, वयानं माझ्या वडिलांएवढे. सही माझी चालायची, यंत्र त्यांचं ऐकायचं.

यंत्र म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर. नाव घेताना माझीच जीभ अडखळायची. अण्णा त्याला 'उजेडाचा तराजू' म्हणायचे. झाकण काढून आतलं सगळं त्यांनीच मला दाखवलं. "ह्यो दिवा. ही बारीक रेघांची काच, हिच्यावर उजेड आपटला की रंग सुटं व्हत्यात. ही फट. पायजे त्योच रंग हितनं सोडायचा, बाकीच्यांनी घरात बसायचं. मग आपली कुपी. पाण्यानं किती उजेड गिळला ते पल्याडची फोटोट्यूब बघती, आन् काटा चुगली करतो." कॉलेजात तीन वर्षांत डोक्यात शिरलं नव्हतं, ते पाच मिनिटांत शिरलं.

कुपी चौकोनी. दोन बाजू घासून धुरकट केलेल्या, धरायला. दोन लखलखीत, उजेड जायला. लखलखीत बाजूला बोट लागलं की बोटाचं तेलच उजेड अडवतं आणि काटा खोटं बोलतो. एकदा मी भडंग खाऊन तशीच कामाला बसले. काटा भलतीकडं उडाला. अण्णांनी कुपी खिडकीशी धरली, हुंगली. "आक्का, ह्या पाण्यात भडंग हाय की वं! कांदा बी हाय!" सगळे खो खो हसले. प्रयोगशाळेचे साहेबसुद्धा हसले. माझं बोट लागलं तेव्हा साहेब हसले होते, एवढं ध्यानात ठेवा.

निपाणीच्या वाटेवर बौद्धांची एक वस्ती होती. गावच्या विहिरीवर घागर लावू देत नाहीत म्हणून त्यांनी स्वतःची विहीर खणलेली. शेजारी लोखंडाला क्रोमियमचा मुलामा देणारा कारखाना निघाला आणि तिचं पाणी पिवळट दिसायला लागलं. वस्तीतल्या लोकांनी बाटली भरून आमच्याकडे आणली. सरकारकडून नळ मागायचा तर आमचा कागद हवा होता.

अण्णाही त्याच समाजातले. पण नमुना कुणाचा का असेना, त्यांची रीत बदलायची नाही. "आदी कोरं पानी," म्हणत त्यांनी काटा शून्यावर आणला. मग विहिरीच्या पाण्यात क्रोमियम ओळखायचं औषध घातलं. पाणी जांभळं झालं आणि काटा नको तिथं जाऊन थांबला. तीनदा केलं, तीनदा तिथंच.

कारखान्याचा मालक आमच्या साहेबांचा दोस्त. साहेबांनी आकडा बघितला आणि अण्णांकडे न बघता मला म्हणाले, "बाई, ह्याचं बोट लागलं असेल."

या वेळी कुणी हसलं नाही.

अण्णा उठले. कुपी धुतली, मऊ फडक्यानं पुसली आणि घासलेल्या बाजूनं धरून साहेबांपुढं केली. "साहेब, तुमीच धरा. तुमीच भरा. तुमच्या हातनं काटा खाली आला तर मी घरला जातो."

साहेबांनी हात खिशात घातला. अहो, ज्या माणसानं उभ्या जन्मात त्या काचेला बोट लावलं नाही, त्याच्या बोटाचा विटाळ मानला!

दोन दिवसांनी साहेबांचा ड्रायव्हर 'दुसरा नमुना' घेऊन आला. पाणी नितळ. काटा जागचा हलला नाही. ते पाणी त्या विहिरीचं नव्हतं, हे शेंबडं पोरही सांगेल. मला कळत होतं. कळत होतं आणि मी सही केली. नोकरी जाईल म्हणून, घरचे काय म्हणतील म्हणून... जळो ती कारणं! साहेबांवर माझा राग आहेच, पण त्यातला निम्मा माझ्या स्वतःच्या वाट्याचा आहे.

अण्णांनी कागद वाचला. मग मला विचारलं, "आक्का, काटा तुमी बी बघितलासा न्हवं?"

मी पेनाचं टोपण लावलं.

त्यांनी यंत्रावर कापड घातलं, कोट खुंटीला अडकवला आणि निघून गेले. वस्तीवर जाऊन त्यांनी घरोघर सांगितलं म्हणे, कागद काय बी म्हणू दे, ह्या हिरीचं पानी तोंडात घालू नका. लोकांनी ऐकलं. बायका लांबच्या ओढ्यावरून पाणी आणू लागल्या. नळ काही आला नाही. अण्णाही परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुपीत कोरं पाणी भरलं. काटा नेहमीच्या जागी येईना. कुपी काढून खिडकीशी धरली. लखलखीत बाजूच्या बरोबर मधोमध अंगठा उमटलेला होता, दाबून, रेघन् रेघ दिसेल असा.

अण्णांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. सही करता येणाऱ्या त्या माणसानं माझ्या सहीपुढं आपला अंगठा ठेवला होता.

कुपी माझ्या कपाटात आहे. मी ती पुसलेली नाही.